म्होरची पात

ताडकळसच्या बाजारात कोणी इचारलं, खुरपायला बाया पाह्यजेत, कोणाला सांगू, तर भाजीवाली बी सांगायची आन् न्हावी बी सांगायचा, "झुंबरबाईला गाठा. तिची टोळी रानात शिरली की रान आरशावानी होतंय." हे बोलणं झुंबरबाईच्या कानावर पडलं की ती तोंड वाकडं करायची. "कशाचं काय बाई, समद्याच करतेत," म्हणायची. आन् घरी येस्तोवर तेच बोलणं तोंडात घोळवीत यायची, जसं एखादं लेकरू खडीसाखर पुरवून पुरवून खातंय.

अंगानं काटकुळी, रंगानं काळीभोर, पन्नाशी कवाच वलांडलेली. शाळेचं तोंड बगितलेलं न्हाई. पर रानात तीच मास्तरीण.

आता पात म्हंजे काय ते शहरातल्या लेकरायला सांगावं लागतंय. खुरपायला गेल्या की बाया धुऱ्यावर, म्हंजे रानाच्या बांधावर, वळीनं हुब्या राहतेत. तास म्हंजे पेरलेल्या पिकाची रांग; हिच्या वाट्याला ही तासं, तिच्या वाट्याला ती तासं, असा ज्या त्या बाईचा पट्टा ठरतो. ती तिची पात. पहिली पात धुऱ्याच्या कडंची, तिला म्हणायचं म्होरची. ती धरणारी बाई पुढं चालती आन् बाकीच्या तिच्या मागं तिरक्या वळीत, जशी आभाळातनं बगळ्याची माळ जाती. म्होरची पाणी प्याली की समद्या पितेत. म्होरचीनं कंबर सरळ केली की समद्यायच्या कंबरा सरळ होतेत. तिच्या पुढं कोणी जायचं न्हाई. एखादीचा हात चालत असला तरी तिनं आवरून धरायचा. रोज मात्र समद्यायला सारखाच. म्होरचीला रुपाया बी जास्तीचा न्हाई. तिला मिळतंय ते दुसरंच कायतरी, त्याचं नाव झुंबरबाईला इचारलं असतं तर तिला बी सांगता आलं नसतं.

आन् टोळीचा एक कायदा व्हता. तो बी झुंबरबाईनंच घातलेला. जिच्या खुरप्याखाली पीक येईल तिनं आपली पात सोडायची आन् पार शेवटाच्या पातीवर जायचं. सरजाबाई तिची शेजारीण, भिंतीला भिंत, सुखादुखाची सोबतीण. तिनं एकदा बोलायच्या नादात मुगाची रोपं कापली. झुंबरबाईनं भीडभाड ठिवली न्हाई, धाडली शेवटाला. सरजाबाई तवापासून तिथंच. "मला काय माय," म्हणायची, "शेवटाला बाभळीची सावली असती." पर जिभंला तिच्या खुरप्यापेक्षा धार.

तर असं चाललं व्हतं बरं. मंग झुंबरबाईच्या पोराचं, परमेश्वरचं, लगीन झालं आन् घरात सून आली. मंजुषा तिचं नाव. जिंतूरकडली. मायबाप ऊस तोडायला जाणारे. पोरीचं समदं लहानपण कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत गेलेलं. बोलायला कमी, कामाला वाघ. झुंबरबाईला लय आनंद झाला, बाजारात सांगितलं समद्यायला, "सून न्हाई, सोनं हाय." एकच गोष्ट तिला खटकली. सून डावरी व्हती.

पहिल्याच दिवशी मंजुषानं सासऱ्याच्या ताटात डाव्या हातानं भाकर वाढली.

"अगं अगं! डाव्या हातानं वाढतेत का? मायनं शिकवलं न्हाई?"

"चुकलं आत्याबाई," पोरगी म्हणली आन् भाकर उजव्या हातात घेतली.

सासरा रामप्रसाद गरीब माणूस. "वाढू दे की, भाकर तीच हाय," म्हणला. झुंबरबाईनं असं बगितलं की त्यानं घास घेतला आन् गप बसला.

पावसाळा लागला, सोयाबीन हातभर झालं, खुरपणी निघाली. लिंबाजीचं रान रस्त्याच्या कडंला. लिंबाजी म्हंजे मोठ्या तोंडाचा माणूस, मनानं वाईट न्हाई, पर बोलला तर दुसऱ्या शिवारात आयकू जाईल. झुंबरबाईनं सुनेला आपल्या शेजारची पात दिली. घरचं माणूस डोळ्याम्होरं असावं, शिकवता येतं, हा तिचा हिशोब.

शिकवायचं राहिलं बाजूला. आर्ध्या तासात झुंबरबाईच्या कानाला मागून खुरप्याचा आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. एवढ्या जवळून तो आवाज तिनं जन्मात आयकला न्हवता. मान वळवून बगितलं तर सून टाचंला टाच लावून आलेली. खुरपं डाव्या हातात. जरा पुढं गेली आन् बगती तर खुरपं उजव्या हातात. एक हात थकला की दुसरा. दुसरा थकला की पहिला. जणू दोन बाया एका लुगड्यात बसवल्यात.

आन् मंजुषा काय करायची? कायदा कळला व्हता तिला. सासूच्या जवळ आली की थांबायची. उकिडवी बसायची, केस बांधायची, बांगड्या मागं सारायची, इकडं तिकडं बगायची. सासू पुढं सरकली की मंग हात चालवायची. पुढं गेली असती तर झुंबरबाई भांडली असती. ते थांबणंच तिला जास्त टोचलं. म्हातारा बैल पुढं असला म्हंजे मागचा तरणा कसा मान खाली घालून वाट बगतोय, तसं.

लिंबाजी धुऱ्यावर आला. त्यानं ही मजा बगितली आन् वरडला, "झुंबरमावशी! सून हाय का मशीन? आता तुमी बसा धुऱ्यावर आराम करीत, सुनबाईला द्या म्होरची पात!"

बाया हसल्या. शेवटाकडून सरजाबाईचा आवाज आला, "आगं, सासू असून सुनेच्या वाटंत आडवी कामून बसलीस?"

झुंबरबाई बी हसली. हसावंच लागतंय. "माझीच हाय की, कोणाची हाय?" म्हणली. पर आतून असा जाळ उठला की दुपारची भाकर खाली जाईना. ठेचा गोड लागला आन् पाणी कडू लागलं. दुसऱ्या कोणाची लेक असती तर दोन शिव्या घातल्या असत्या, भांडण काढलं असतं, टोळीतनं काढलं असतं. आपल्याच सुनेवर जळायचं कसं? कोणाला सांगायचं? ज्याला सांगावं तो म्हणल, "अगं, तुला तर अभिमान पाह्यजे." लोक सारखे तेच म्हणायले बी. बाजारात भाजीवाली म्हणली, "नशीब काढलंस बाई." न्हाव्यानं सुद्धा दुकानातनं आवाज दिला, "काय झुंबरमाय, सून लय पळती म्हणं!" खडीसाखर गेली आन् तोंडात खडा आला.

रात्री पडल्या पडल्या तिनं इचार केला. पायात जोर माझ्या कमी न्हाई. कंबर माझी तिच्याएवढीच वाकती. तिच्याजवळ एकच जास्तीचं हाय, तो डावा हात. मंग माझ्याजवळ काय डावा हात न्हाई का?

दुसऱ्या दिवसापासून ती समद्यायच्या आधी उठायली. परसात भाजीचा वाफा व्हता, त्याच्या कडंनं केना आन् हराळी माजली व्हती. तिथं बसायची, खुरपं डाव्या हातात धरायची. आरं देवा! ज्या हातानं जन्मभर गवत धरलं त्या हाताला गवत कापता येईना. खुरपं एकीकडं जायचं आन् गवत एकीकडं. उजव्या हाताला जे जे ठाव, ते डाव्यानं कधी इचारलंच न्हवतं, जशा एका घरातल्या दोन जावा, शेजारी नांदून बोलत न्हाईत. पहिल्याच दिवशी वाफ्यातली आर्धी कोथिंबीर कापून बसली. उजाडल्यावर आरडली, "सरजे, तुझी बकरी बांध! समदी कोथिंबीर खाल्ली माझी!"

सरजाबाई भिंतीवरनं वाफा बगून म्हणली, "माझी बकरी काय खुरपं घिऊन आलती का गं? हे तर कापलंय."

"तुझी बकरी काय बी करू शकती, तुझीच हाय ती."

असं चार सकाळी झालं. मंग रामप्रसाद एक दिवस तांब्या घिऊन परसात आला आन् हुबाच राहिला.

"अगं, उजव्या हातावरनं वारं गेलं का काय?"

"वारं जाऊ द्या तुमच्यावरनं! सकाळी सकाळी काय बी बोलायलेत."

"मंग डाव्या हातानं काय करायलीस?"

काय सांगती? सुनेवर जळते म्हणून डावा हात शिकायले, असं सांगती? "उजवा दुखायलाय," म्हणली. "झालं समाधान? जा आता."

झालं. रामप्रसादनं परमेश्वरला सांगितलं, परमेश्वरनं बायकोला. सांजंला मंजुषा वाटीत ओवा घालून तेल तापवून आली. "आत्याबाई, हात द्या."

"कशाला गं?"

"मामंजी म्हणले, हात दुखायलाय तुमचा."

द्यावा लागला. चांगला धडधाकट हात लांब करून झुंबरबाई बसली आन् सून चोळायली. मधी मधी कण्हावं लागायचं, न्हाई तर खोटं उघडं पडायचं. डाव्या हाताला शिकून शिकून फोड आलते, खरा तोच ठसठसत व्हता, तो पदराखाली लपवलेला. आन् पोरगी चोळत व्हती ती बी डाव्याच हातानं. काय तो हात! गरम, भरीव, आंगठा बरोबर शिरंवर. झुंबरबाईनं त्या मनगटाकडं चोरून बगितलं. कोपरातनं जोर न्हाई हिचा, मनगटातनं हाय, असं तिच्या ध्यानात आलं. सून माया करायली व्हती आन् सासू तिची कला चोरायली व्हती. एवढं तेल लावून घेतलं, पर जळणं काय थंड झालं न्हाई. उलट वाटलं, ही चांगली कामून हाय एवढी? जरा वाईट असती तर मला बरं गेलं असतं.

दुसऱ्या सकाळी तिनं परसात मनगटातनं हात फिरवला. आन् काय गंमत, खुरपं सर्रकन मातीखालून गेलं. गवत मुळासकट हातात. पुन्हा फिरवला, पुन्हा गेलं. मंग हात आपला आपणच चालायला लागला. कोंबडे वरडायले, दिवस वर आला, रामप्रसाद चहा मागायला, तिचं कशाकडं ध्यान न्हाई. त्या टायमाला तिला ना म्होरची पात आठवली, ना सून आठवली. लहानपणी पहिल्यांदा विहिरीत पोहायला आलतं, तसं अंग हलकं झालं. मंग मंजुषा दारात येऊन म्हणली, "आत्याबाई, मी काढते गवत, तुमी हात दुखवून घिऊ नका." झालं. लगेच समदं आठवलं.

रानात मात्र त्या दिवसापासून मजाच झाली. मंजुषा मागं पडायली. झुंबरबाईच्या टाचंजवळचा आवाज लांब गेला. सासू धुऱ्याला लागायची तवा सून कुठं मधातच. झुंबरबाई लय खूश. डावा हात दाखवायची सुद्धा गरज पडली न्हाई. न्याहारीला बसल्यावर सरजाबाईला कोपरानं ढोसून म्हणली, "बगितलंस? तरणेपणाचा जोर असाच असतोय. आला पाऊस, गेला पाऊस."

सरजाबाईनं भाकर मोडता मोडता तिच्या तोंडाकडं बगितलं. "झुंबरे, तुला खरंच कळंना का? अगं, ती मुद्दाम हळू चालायली. शेवटाच्या पातीवरनं मला समदी वळ दिसती. तुझ्या हाताकडं बगती आन् आपला हात आखडून धरती. तुला तरास व्हायला नको म्हणून."

झुंबरबाईच्या हातातला घास हातातच राहिला. जे जिंकणं ती मिरवत व्हती, ते सुनेनं वाढलेलं व्हतं, जशी ताटात भाकर. हरली असती तर एवढं लागलं नसतं. "भीक!" ती म्हणली. "मला भीक घालायली व्हय!"

"हळू बोल, आयकल ती."

"आयकू दे."

पर बोलली न्हाई सुनेला. तोंडानं न्हाई, हातानं दाखवते म्हणली. न्याहारी उरकून पातीवर बसली आन् पहिल्यांदा चारचौघीत खुरपं डाव्या हातात घेतलं. सून मागं लांब व्हती, बाकीच्या त्याच्या बी मागं. कोणाला दिसलं न्हाई. आन् सुटली! गवत उडायलं. उजवा थकला की डावा, डावा थकला की उजवा. पाणी न्हाई, पान न्हाई, मागं बगणं न्हाई. रानात पाऊस झालता, माती लोण्यावानी मऊ. दोन्ही हातानं अशी चालली की तिची तिलाच नवल वाटायली.

आता इथं एक गोष्ट हाय. लिंबाजीनं औंदा सोयाबीनमधी तूर घातलती. सोयाबीनची काही तासं, मंग तुरीचं एक. आन् तुरीचं एक तास बरोबर झुंबरबाईच्या आन् मंजुषाच्या पातीच्या मधी, झुंबरबाईच्या डाव्या अंगाला. खुरपणाऱ्या बाईचा डावा हात काय करतोय? पीक आवरून धरतोय. उजवा कापतोय. जन्मभराची सवय. आता आवरणाराच हात कापायला लागला, आन् आवरायचं कोणी? उजव्याला ते काम ठावच न्हाई. बिचाऱ्या तुरीची कवळी रोपं, काडीवानी खोडं, गवतासंगं सपासप आडवी. झुंबरबाईला पत्ताच न्हाई. तिचं चित्त मागच्या आवाजात.

मागून मंजुषा आली. तिनं बगितलं. तूर कापून पडलेली, आन् पुढं सासूची पाठ, वाऱ्यावानी चाललेली. पोरगी कोणाला बोलली न्हाई. एकेक रोप उचललं आन् ओल्या मातीत आंगठ्यानं दाबून हुबं केलं. वरून बगणाराला वाटावं, तास जिथल्या तिथं हाय. पर मुळाबिगर झाड किती येळ हुबं राहील? दुपारी उघडीप पडली, श्रावणातलं ऊन ते, पाठीवर चटके देणारं. तुरीनं माना टाकल्या.

लिंबाजी चहाची किटली घिऊन आला आन् त्याचं ध्यान तासाकडं गेलं. एक रोप उपटलं, अलगद हातात आलं. दुसरं उपटलं. किटली ठिवली खाली आन् असा वरडला की बाभळीवरचे होले उडाले.

"कोणी केलं हे? कापली तर कापली, वरून रोवून ठिवली? मला येडा समजलात का?"

बाया जमल्या. तास दोन पातींच्या मधी. सासूनं कापलं का सुनेनं, कसं कळायचं? लिंबाजी शेतकरी माणूस, त्यानं बुडखा बगितला. "डाव्या अंगानं खुरपं आलंय. काप बगा कसा तिरका हाय." आन् मंजुषाकडं वळला. "टोळीत डावरी तूच हायस ना गं पोरी?"

समद्या बाया मंजुषाकडं बगायल्या.

झुंबरबाईनं बी बुडखा बगितला. तिला तवाच कळलं, हे आपलं हाय. सुनेचं खुरपं मातीखालून जातंय, हे घाईत वरूनच गेलं व्हतं, कच्च्या हाताचं. आन् खोटं कशाला सांगू, कळल्याच्या मागोमाग मनात एक गोड कळ उठली. गप बसलं तर? कायदा हाय. ही जाईल शेवटाला. म्होरची पात माझी, टाचंला कोणी न्हाई, बाजारात पुन्हा माझंच नाव. काही करायचं न्हाई, निसतं गप बसायचं.

मंजुषानं मान खाली घातली. "व्हय दादा," म्हणली. "माझ्याच हातून झालं."

लिंबाजीचा आवाज लगेच खाली आला. "बरं, कबूल तर केलंस. नवी हायस. दुसरी असती तर नाकबूल गेली असती."

"गुणाची पोरगी," कोणीतरी बाई मागून म्हणली.

गुणाची! झुंबरबाईच्या टाळूला आग लागली. चूक केली मी, आन् गुणाची ही? परसात पहाटं पहाटं फोड सोसले मी, कोथिंबिरीचं वाटोळं केलं मी, या वयात डावा हात चालवायला शिकले मी, आन् लिंबाजी म्हणतोय डावरी तूच? माझा डावा हात बी हिच्याच नावावर? माझी चूक बी हिनंच न्यायची?

"ते मी कापलंय," ती म्हणली. "माझ्या डाव्या हातानं."

कोणी खरं मानंना. लिंबाजी हसला. "मावशी, सुनेवर माया असावी, पर एवढी बी नको. तुमचा डावा हात? अवो, पन्नास वर्सं उजव्या हातानं खुरपणारी बाई तुमी."

"अशी सासू मिळायला नशीब लागतं बाई," एकजण डोळ्याला पदर लावायली.

"आत्याबाई, राहू द्या," मंजुषा म्हणली.

"माया गेली चुलीत!" झुंबरबाई वरडली. "कशाची माया? जीव जळतोय माझा हिच्यावर, हिचं नाव निघालं की भाकर जात न्हाई खाली! बगा, डोळे हायत ना? बगा!" आन् खुरपं डाव्या हातात घिऊन पातीवर बसली. समद्यायच्या देखत सर्र, सर्र, सर्र. गवत मुळासकट. या धुऱ्याकडून त्या बाभळीपोत्तर गेली आन् मंगच उठली. धाप लागलेली, पदर पडलेला.

मंग सरजाबाई म्हणली, "आत्ता कळलं माझ्या बकरीवर आळ कामून आला!"

एवढं हसू फुटलं की लिंबाजी बी हसला, किटली उचलून बायायला चहा वतायला लागला. "तूर गेली ती गेली," म्हणला. "पर मावशी, या वयात हे खूळ कुठून आलं?"

झुंबरबाईनं चहा सुद्धा घेतला न्हाई.

सांजंला सासू-सुना रस्त्यानं चालत निघाल्या. मोटारसायकली जायल्या, धुरळा अंगावर यायला. मंजुषानंच तोंड उघडलं. "आत्याबाई, हात दुखत न्हाई ना खरंच?"

"न्हाई."

"मंग तेल..."

"वाया गेलं तेल." जरा पुढं गेल्यावर झुंबरबाई म्हणली, "एक सांग. तू एवढी पळतीस कामून? म्होरची पात पाह्यजे का तुला?"

पोरगी एकदम थांबली. "मला? न्हाई वो आत्याबाई. उसात मी लहान व्हते ना, मायबाप तोडत तोडत पुढं जायचे. मी वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करीत मागं. दिवस बुडायचा, ऊस डोक्याच्या वर. कोणी दिसायचं न्हाई. रडले तरी आवाज पोचायचा न्हाई. तवापासून हात असा झालाय. पुढं जायचं न्हाई मला, मागं राहायचं भ्या वाटतंय. कोणाची तरी पाठ दिसली की बरं वाटतंय, म्हणून तर तुमच्या टाचंला येत व्हते."

झुंबरबाईला पोरीचं वाईट वाटलं, डोळ्यात पाणी आलं तिच्या. पर मन लय खोडील असतंय. त्या पाण्याच्या तळाशी बी जळणं व्हतंच. जी पात मी जीव लावून धरली, ती हिला नकोच हाय! हिनं मागितली असती, भांडून घेतली असती, तर निदान त्या पातीची किंमत तरी राहिली असती.

"उद्या म्होरची पात तू धरायची," ती म्हणली.

"मी न्हाई धरणार."

"कायदा हाय."

"तुमीच केलाय, तुमीच मोडा की."

"सरजीला धाडलं तवा मोडला न्हाई. आता मोडला तर ती मला जगू देईल का?" झुंबरबाई म्हणली आन् चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाया धुऱ्यावर हुब्या राहिल्या. पहिली जागा रिकामी. मंजुषा आपल्या जागंवर, पाय हलंना. झुंबरबाई समद्यायच्या म्होरून चालत गेली, एकीएकीच्या तोंडाकडं न बगता, पार सरजाबाईच्या पलीकडं.

"ये माय," सरजाबाई म्हणली. "सावली हाय बग."

"तुझी सावली तुला." आन् तिथनं आवाज दिला, "मंजे! वळ खोळंबली की! धर पात!"

धरली पोरीनं. खुरपणी सुरू झाली. शेवटाच्या पातीवर बसून झुंबरबाईला पहिल्यांदा आपली टोळी दिसली. इतकी वर्सं समद्या तिच्या पाठीमागं व्हत्या, तिनं कधी बगितल्याच न्हाईत. कोणाची कंबर दुखायली, कोण कोणाची पात वढून देती, म्होरचीचा हात हलला की तो येग वळीतनं कसा सरकत सरकत शेवटाला येतोय, समदं दिसलं. आन् हे बी दिसलं, की म्होरचा हात आखडलेला हाय. मंजुषा सारखी मान वळवून शेवटाकडं बगायली.

झुंबरबाई उठून हुबी राहिली. "ए पोरी! मैताला निघालीस का? मागं काय बगायलीस, मागं आमी हावोत की! कोणी हरवत न्हाई! चाल जोरात, न्हाई तर टोळीतनं काढीन!"

बाया खिदळल्या. मंजुषानं पदर खोचला, मान पुढं केली, खुरपं डाव्या हातात घेतलं आन् सुटली. पाठ तिची अशी चालायली जशी पाण्यातनं मासोळी. काय सुंदर चालती, झुंबरबाईच्या मनात आलं, आन् पोटात पुन्हा तोच जाळ. ती खाली बसली. उजव्यानं कापलं, मंग डाव्यानं. या बारी डाव्यानं कापताना उजव्याला सांगितलं, तू आता पीक आवर, शीक जरा. उजवा चुकायला, ती त्याला पुन्हा सांगायली. जरा येळानं ती सरजाबाईच्या बरोबरीला आली, मंग पुढं निघाली.

"अगं कुठं पळायलीस?" सरजाबाई म्हणली. "शेवटाच्या पातीला कोण बगतंय?"

"मी बगायले की," झुंबरबाई म्हणली. पर नजर तिची मंजुषाच्या पाठीवरनं हलत न्हवती, आन् तिथवर अजून लय बाया व्हत्या मधी.